परातीवरचं नाव

"नाव कोणाचं?"

जालन्यात मस्तगडच्या त्या भांड्यांच्या दुकानात तुम्ही कधी साधा पोह्यांचा डबा जरी घेतला असेल, तरी हा प्रश्न तुम्हाला विचारला गेला असेल. दुकानाचे मालक काका भांडं उचलायचे, बोट वाकवून बुडावर एक ठोका मारायचे, कान जवळ न्यायचे, आवाज पसंत पडला की मान हलवायचे आणि गिऱ्हाइकाकडे न बघताच विचारायचे, "नाव कोणाचं?" भावाची घासाघीस नंतर, नाव आधी.

माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान त्यांच्या अगदी समोर. मधला रस्ता इतका अरुंद, की त्यांनी नाव घालायचं मशीन सुरू केलं की माझ्या दाढेत कळ यायची. त्या मशीनइतकाच मला काकांच्या ओरडण्याचाही सराव झाला होता. तापट माणूस. सकाळी शटर वर करतानाच ते कोणावर तरी ओरडायचे आणि समोर कोणी नसलं तर शटरवर. त्यांच्या धाकाने गल्लीतली कुत्रीसुद्धा त्यांच्या पायरीवर बसत नसत.

आपल्याकडे भांड्यावर नाव का असतं, हे तुम्हाला सांगायला नको. गावजेवणाला सगळ्या घरांची भांडी एकत्र होतात, आणि घासून झाली की बाया नावं वाचून आपापली उचलतात. भांडणं टळतात. काकांचा त्याबाबतीत एक नियम होता. ज्याच्या घरात भांडं राहणार, त्याचं नाव ठळक. देणाऱ्याचं घालायचंच असेल तर खाली, बारीक. एखादा हौशी मामा म्हणायचा, "काका, आमचं नाव जरा मोठं टाका," की झालंच.

"भाचीला हंडा देऊन राह्यला, का बोर्ड लावून राह्यला?"

असं बोलून घालवलेली गिऱ्हाइकं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यातली बरीचशी परत यायची, कारण काकांसारखं अक्षर दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

एकदा एक गृहस्थ पितळी डबा घेऊन आले. त्यावर त्यांच्या पहिल्या बायकोचं नाव होतं. ती वारली होती, दुसरं लग्न ठरलं होतं, तेव्हा जुनं नाव घासून तिथे नवं घालून हवं होतं. काकांनी ठोका मारून आवाज ऐकला.

"चांगला सांभाळला होता तिनं," ते म्हणाले.

"हो, पण आता..."

"आता नव्या बाईला नवा डबा घ्या. गेलेल्या बाईचं नाव मी घासत न्हाई. अन् नव्या बाईनं तरी दुसरीच्या नावाखाली डाळ कायकू ठिवायची?"

गृहस्थांनी मान खाली घालून नवा डबा घेतला. यात दुकानाचाही फायदा झाला हे मी काकांना नंतर चहा पिताना सांगितलं, तेव्हा त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

मग तो पूर आला. भोकरदनच्या पुढे नदीला लागून एक गाव आहे. सप्टेंबरातल्या पावसाने नदी त्या गावात शिरली आणि जाताना घरं धुऊन घेऊन गेली. माणसं शाळेच्या गच्चीवर चढली म्हणून वाचली. आमच्या गल्लीने मदत गोळा करायचं ठरवलं. काय जमा झालं ते सांगताना आजही माझं डोकं फिरतं. चेन तुटलेल्या पँटी. टिकल्या गळणारा लेहेंगा. मुदत संपलेली खोकल्याची औषधं. झाकण नसलेला कुकर, दांडा नसलेली किटली. कोणीतरी नवरदेवाचा फेटाही दिला होता. अंगावरच्या कपड्यानिशी गच्चीवर बसलेल्या माणसाने तो बांधून कुठे जायचं होतं, देव जाणे. दिवाळी तोंडावर आली होती, घराघरांत माळे आवरणं चाललं होतं, आणि आवरून निघालेलं सगळं पूरग्रस्तांच्या नावाने चौकात येऊन पडत होतं. देणारे वर पुण्य लागल्यासारखे चेहरे करून जात होते.

काका रस्ता ओलांडून आले. एकेक भांडं उचलून ठोकायचे आणि बाजूला भिरकावायचे. "फुटकं. हे बी फुटकं. ह्याला पाणी दिसलं तरी गळंल."

आमच्यातलेच एक जण, बँकेतून निवृत्त झालेले, समजावायला पुढे झाले. "काका, गरजू लोक आहेत. त्यांना चालतं."

"तुमाला चालतं का?"

"मला कशाला?"

"मंग त्यांना कशाला? पाणी घरात शिरल्तं त्यांच्या. अक्कल न्हाई वाहून गेली त्यांची." मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "घरातला कचरा काढायला नदीला पूर यावा लागतो का रे तुमच्या?"

निम्म्याहून जास्त माल त्यांनी परत पाठवला. लोक रागावले. मला मात्र त्या दिवशी त्यांचं ओरडणं फार आवडलं.

जे धड उरलं ते घेऊन आम्ही टेम्पोने गावाला गेलो. काका पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे पोत्यांवर. नदी आता ओढ्याएवढी होऊन गरिबासारखी वाहत होती. काठच्या बाभळींत भांडी अडकली होती. ताटं, तांबे, चेपलेली पातेली, सगळी गाळाने माखलेली. बाया काट्यांतून ती ओढून काढत, पदराने पुसत आणि नावं वाचत. जिला वाचता येत नव्हतं ती दुसरीला दाखवायची.

काकांनी एक कळशी पुसली आणि लगेच म्हणाले, "हे माझं अक्षर हाय." शेजारी एक उंच, वाळकी, साठीची बाई उभी होती. तिने नाव वाचलं.

"आमच्या गावाची न्हाई ही. वरल्या गावाची हाय. ठिवा तिकडं, शाळेपाशी. नेतील येऊन."

"अन् तुमची?"

"आमची खाली गेली असतील. कुणी तरी ठिवली असतील की पुसून."

ही कौसाबाई. एवढं सगळं वाहून गेल्यावर दुसऱ्याची कळशी बाजूला ठेवणारी बाई, आणि चौकात दांडा नसलेली किटली देणारे आम्ही. मला शरम वाटली नाही, राग आला.

तिने आम्हाला तिची चूल दाखवली. तीन दगडांवर छपराच्या पत्र्याचा तुकडा ठेवून ती भाकरी भाजत होती. आणि पीठ मळत होती ते चक्क एका फ्लेक्सवर. मदतीच्या ट्रकला लावून आलेला, आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा, सगळे ज्यांना भाऊ म्हणतात त्यांचा फ्लेक्स. पिठाचा गोळा बरोबर भाऊंच्या गालावर होता.

"पीठ बक्कळ आलंय, काका," ती म्हणाली. "तांदूळ आलाय, बिस्किटं तर इचारूच नका. पर तवा न्हाई. परात न्हाई. पातेलं न्हाई. पीठ काय तोंडात टाकून फिरायचं?"

काकांनी पत्र्यावरच्या भाकरीकडे पाहिलं. "आठ दिवसांत आणतो," ते म्हणाले. "घरटी एक तवा, एक परात, एक पातेलं. माझा शब्द."

आणि खरोखर, नशीब बघा, परत आल्यावर चारच दिवसांत भाऊ स्वतः दुकानात आले. पाठीमागे पाच-सहा माणसं. त्यांना त्या गावाला भांड्यांचे संच द्यायचे होते, सबंध गावाला. काकांनी माझ्याकडे ओरडून चहा मागवला. त्यांना इतकं खूश मी क्वचितच पाहिलं होतं. परात काढली, ठोका मारला, आणि सवयीने विचारलं, "नाव कोणाचं?"

भाऊ हसले. "कोणाचं म्हणजे? आमचं." त्यांच्या माणसाने मजकूर वाचून दाखवला. वर भाऊंचं पूर्ण नाव, आणि खाली, 'यांच्याकडून पूरग्रस्तांना सप्रेम भेट'.

काकांनी परात खाली ठेवली. "पूरग्रस्त?"

"हो. का?"

"पूर उतरला, भाऊ. हे अक्षर उतरत न्हाई. त्या बाईच्या नातीच्या लग्नात पाव्हणे जेवायला बसतील, तव्हा बी ह्या ताटात पूरग्रस्त लिव्हलेलं राहील. जनमभर तिनं काय भिकेच्या ताटात जेवायचं?"

"काका, देणाऱ्याचं नाव नको का?"

"देणाऱ्यानं दिलं की सुटला. भांडं घरधनिणीचं. तिचं नाव टाकतो, तुमचं पाठीमागं बारीक टाकतो. चालत असंल तर बोला."

भाऊ उठले. "जालन्यात दुकानं बक्कळ हायत," एवढं म्हणून गेले. चहा तसाच राहिला. गल्लीने काकांची पाठ थोपटली. मीसुद्धा थोपटली. काका दिवसभर मशीनपेक्षा मोठ्या आवाजात तो किस्सा सांगत होते. सांगता सांगता आठ दिवस उलटले.

आणि कौसाबाई एसटीने जालन्याला आली. विचारत विचारत दुकानापाशी पोचली. मी पाणी घेऊन तिकडे गेलो. काकांनी तिला मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं, भाऊंना कसं सुनावलं ते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमचं बराबर हाय," ती म्हणाली. "पर आज बी भाकर पत्र्यावरच भाजून आले. पत्र्याला रंग हाय, भाकरीला त्याचा वास मारतो. लेकरं थुकून देतात. भाऊची भांडी येऊन पडल्यात म्हणं भोकरदनला, कार्यालयात. भाऊचे मोठे साहेब यायचेत वाटायला, अन् साहेबांना येळ न्हाई. काका, तुमची लढाई तुमी जितली. माझी चूल तशीच हाय. नाव कुणाचं बी टाका. माझ्या कपाळावर टाका. पर तवा द्या."

मी काकांच्या ओरडण्याची वाट पाहिली. भाऊंवर, साहेबांवर, निदान माझ्यावर तरी. ते ओरडले नाहीत. स्टुलावर बसले आणि बराच वेळ हाताने नुसती परात पुसत राहिले. त्या माणसाला गप्प बसलेलं पाहून मला भीती वाटली.

मग त्यांनी मशीन लावलं. "बस, बाई. नाव कोणाचं?"

"घरधन्याचं टाका."

"काय त्यांचं नाव?"

ती पदर तोंडाला लावून हसली. नवऱ्याचं नाव कसं घेणार?

"भाकर कोण थापतं?"

"मी."

"मंग तुझं सांग."

"कौसाबाई," ती म्हणाली, आणि परातीच्या कडेवर बाहेरून ती अक्षरं उमटताना मान वाकडी करून बघत राहिली. आतापर्यंत तिच्या घरात बापाच्या नावाची भांडी होती, सासऱ्याच्या नावाची होती. तिच्या नावाचं हे पहिलंच.

त्या दिवशी काकांनी फळ्या रिकाम्या केल्या. लग्नसराईसाठी भरलेला माल, पराती, पातेली, सगळं टेम्पोत. राहिले तवे. दुकानात नवे तवे होते, पण नव्या लोखंडी तव्यावर भाकरी चिकटते, फाटते. तो चार-सहा महिने चुलीवर मुरावा लागतो. मग काका गल्लीत दारोदार निघाले. ज्या लोकांनी फुटक्या किटल्या दिल्या होत्या, त्यांच्याच दारांत.

"रोजचा तवा दे. ज्याच्यावर आज भाकर केली तोच. नवा माझ्या दुकानातून ने."

"काका, नवाच द्या ना त्यांना. जुना कशाला?"

"आता जुनं द्यायला लाज वाटून राह्यली का? तव्हा कुठं गेल्ती? तो नवा तुमी मुरवा. फाटकी भाकर तुमी खा."

बायकांच्या जिवावर आलं. वापरातला तवा हातचा सुटत नाही. बँकेतल्या त्या गृहस्थांच्या बायकोने सासूपासून चालत आलेला तवा दिला आणि आत जाऊन डोळे पुसले. आमच्याकडचाही गेला. पुढे चार महिने आमच्या घरी भाकरीचे तुकडे जेवलो आणि दर तुकड्याला बायकोने काकांचा उद्धार केला. पण खरं सांगतो, त्या गल्लीने पहिल्यांदा काहीतरी दिलं ते त्या दिवशी. त्याआधी नुसतं टाकलं होतं.

टेम्पो गावात पोचला तेव्हा तिथे अजून वीज आली नव्हती. मशीन बंद. काकांनी पिशवीतून जुनी छिन्नी आणि छोटी हातोडी काढली, आणि शाळेच्या पायरीवर बसून एकेका ठिपक्याने नावं ठोकायला लागले. समोर बायांची रांग. प्रत्येकीला तोच प्रश्न आणि प्रत्येकीचं तेच लाजणं. एका घरात दोन जावा एकाच नावाच्या निघाल्या. काका चिडले, "दुसरं नाव मिळालं न्हाई का तुमच्या सासूला?" आणि एकीच्या नावापुढे फूल काढून दिलं. फुलवाली खूश, दुसरी नाराज. मग तिच्याही नावापुढे मोर आला.

आमच्यातल्या एकाने फोटोसाठी मोबाइल वर केला. काकांनी हातोडी रोखली.

"मयताच्या घरी कडू घास घेऊन जातो तू. चूल पेटलेली नसती, सोयरे भाकर घालतात. तिथं फोटो काढतो का?"

"नाही."

"मंग ठिव खिशात."

त्याने ठेवला. परत निघताना कौसाबाईने आम्हाला आमच्याच गल्लीच्या तव्यावरची भाकरी खायला घातली. मीठ-मिरची आणि भाकरी. काकांनी एक घास खाल्ला, नाकाशी धरला. "वास न्हाई," ते म्हणाले आणि दुसरी मागितली.

भाऊंचे संच दिवाळी उलटून गेल्यावर वाटले गेले. साहेब आले, मांडव पडला, फोटो झाले. पुढे गावात गेलो तेव्हा ती ताटं मी पाहिली. ज्याने कोणी नाव घातलं होतं त्याने ते ताटाच्या मधोमध घातलं होतं. माणूस जेवत जातो तसतसे भाताखालून भाऊ वर येतात, आणि पाठोपाठ 'पूरग्रस्त'. आणि सगळ्या गावाची भांडी एकाच नावाची, त्यामुळे पहिल्याच पंगतीत बायांची जुंपली, कोणतं कोणाचं कळेना. कौसाबाईने तिच्या वाटणीच्या ताटात कोंबड्यांना पाणी ठेवलं होतं.

काका गेले ते यंदा उन्हाळ्यात. दुपारी दुकानातच, गिऱ्हाइकाशी वाद घालताना छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

गल्लीच्या तोंडाला लगेच फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. त्यात भाऊ हात जोडून उभे, गुडघ्यापर्यंत. त्यांच्या मागे त्यांचे साहेब. खालच्या ओळीत कार्यकर्त्यांचे गोल चेहरे. आणि वर कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढे काका. ज्या माणसाने आयुष्यभर देणाऱ्याचं नाव बारीक घातलं, त्याच्या मरणावर यांनी स्वतःचं एवढं मोठं घालून घेतलं. संताप आला. अजून येतो.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई आली, सोबत गावातल्या चार-पाच बाया. डोक्यावर फडक्याने झाकलेल्या पराती. फ्लेक्सखाली ती थांबली, सगळे चेहरे नीट न्याहाळले आणि मला विचारलं,

"ह्यातलं गेलं कोण?"

मी बोटाने कोपरा दाखवला. ती नाक मुरडून पुढे गेली.

काकांच्या घरी काकूंनी आदल्या दिवसापासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मुलगा पुण्याहून आला होता, सून विनवत होती, काही उपयोग नव्हता. कौसाबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, परातीवरचं फडकं काढलं. ज्वारीच्या भाकरी, पिठलं.

"कडू घास हाय, वहिनी. घ्यावा लागतो."

"उतरत नाही हो."

"आमच्या बी गळ्याखाली उतरत नव्हता. त्यांनी तवा आणला." आणि तिने तुकडा मोडून काकूंच्या तोंडापाशी धरला. काकू मोठ्याने रडल्या आणि मग खाल्ला. बायांनी घरातल्या सगळ्यांना जेवू घातलं, भांडी घासली, आणि आपापली नावं वाचून पराती उचलून गेल्या. कौसाबाई मात्र तिची ठेवून गेली. तिच्यात अजून भाकरी होत्या.

तेरावा झाल्यावर काकू ती परात घेऊन माझ्या दुकानात आल्या. भांडं रिकामं परत करू नये म्हणून तिच्यात गहू भरले होते. भोकरदनकडे जाणाऱ्या टेम्पोत पाठवून द्या, म्हणाल्या. मी परात काउंटरवर ठेवली आणि टेम्पोची वाट बघत बसलो.

तेवढ्यात भाऊंचा एक माणूस झेरॉक्सला आला. कागद हातात देता देता परातीवर नजर गेली. "दणकट हाय," म्हणाला. "आमच्या भाऊंनी वाटलेल्यातली का?"

"नाव वाच."

त्याने वाकून कडेवरची अक्षरं लावली. "कौसाबाई," तो म्हणाला. "कोण ही?"

"जिची परात आहे ती."

माझा आवाज एवढा चढला की तो कागद तसेच टाकून दोन पावलं मागे सरला. शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. समोरचं शटर बंद होतं, नाहीतर तिकडूनही कोणीतरी ओरडलं असतं.